कॉम्प्युटरचं गाळणं

आदगोंडा अण्णांनी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर म्हणून बत्तीस वर्षं काढली आणि तेवढ्या वर्षांत त्यांना एक खोड जडली. समोर काहीही आलं की त्यात चुकलंय काय, ते आधी बघायचं. लग्नाला गेले तर नवरानवरीच्या आधी मांडवाच्या पायपांचे जोड बघणार. देवळात गेले तर नमस्कार करता करता घंटेची कडी किती झिजलीय ते मापणार. निवृत्त झाल्यावर एवढी खोड घेऊन जायचं कुठं, म्हणून त्यांनी मळ्यातल्या विहिरीवरची जुनी इंजिनाची खोली झाडून घेतली, तिथं बाक मांडलं, बाकाला वस्तू घट्ट पकडायचा व्हाइस ठोकला आणि गावाच्या बादल्या, पंप, देवघरातले दिवे दुरुस्त करत बसले.

एवढा चुका काढणारा माणूस, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात काय चाललंय याचा पत्ता त्यांना दोन महिने नव्हता. तो लागला सुनेला.

सून म्हणजे क्रांती, माहेर उंब्रजचं. बाप फौजेतून सुभेदार होऊन आलेला, घरात शिस्त आणि रविवारी मटण. अण्णांच्या एकुलत्या एक मुलानं, अतिशयनं, तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा दोन्ही घरांत थोडी आदळआपट झाली आणि मग आपोआप थंडावली. पोरगी सांगलीजवळच्या या मळ्यात राहायला आली. मटण तिनं उंब्रजलाच ठेवलं. सासूला आत्ती आणि सासऱ्याला मामा म्हणू लागली, आणि जैनाच्या घरात राहायचं म्हणून दिवस मावळायच्या आत जेवायलासुद्धा शिकली. अतिशय रोज सकाळी कुपवाडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला जायचा. क्रांती पुण्याच्या एका कंपनीसाठी घरबसल्या इमारतींची चित्रं करायची. अजून ज्यांचा पायाही खणलेला नाही, अशा इमारतींच्या गॅलरीत संध्याकाळचं ऊन कसं पडेल, हे ती हुबेहूब दाखवायची. त्यासाठी लागणारा दांडगा कॉम्प्युटर तिनं स्वतःच्या हातानं जोडला होता आणि त्याला पुढून हवा ओढायला बशीएवढे तीन पंखे होते.

घोटाळा त्या पंख्यांनी केला. घराच्या चारी बाजूंना ऊस. पावसाळ्यात चिलटं, पाकोळ्या, बारीक भुंगेरे यांना तोटा नाही. कॉम्प्युटर ठेवलेल्या सोप्यात दिवा लागला की सगळी वरात आत, आणि पंखे तिला ओढून घ्यायचे.

भाद्रपदातल्या एका दुपारी क्रांतीनं चुकून सासूच्या लहान पातेल्यातली आमटी वाढून घेतली. पहिल्याच घासाला ती थांबली.

"आत्ती, मीठ इसरलं व्हय?"

"न्हाई गं. मी सोडलंय," चंदनबालाकाकू भाकरी थापत म्हणाल्या.

"कवापासनं?"

"झालं असतील आठ-धा दिवस. तू त्या मोठ्या पातेल्यातली घे."

क्रांतीनं आणखी चौकशी केली तेव्हा कळलं की मिठाच्या आधी दूध सुटलं होतं, आणि दुधाच्या आधी तूप. चातुर्मासात नियम घेतात हे तिला ठाऊक होतं. पण मग तिनं तारखा मोजल्या. तिनं या पावसाळ्यात तीनदा कॉम्प्युटर उघडून आतली धूळ काढली होती, आणि तिन्ही वेळा काकू शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. धुळीबरोबर काय निघालं ते त्यांनी पाहिलं होतं. तोंडातून शब्द काढला नव्हता. फक्त दर वेळी ताटातली एक चव कमी केली होती.

अण्णांना हे समजलं तेव्हा ते तरातरा स्वयंपाकघरात गेले.

"अगं, ह्यो काय परकार हाय?"

"आवं, मूठभर जीव मरून पडलं हुतं त्या मशीनच्या पोटात. ती काय मुद्दाम मारतीय व्हय? काम हाय तिचं. पर घर माझं हाय. घरात हिंसा झाली की कुणीतरी प्रायश्चित्त घ्याय पायजे. मी घेतलं. तिला मी एका शब्दानं तरी बोलले का?"

नव्हत्या बोलल्या, आणि तेच तर वाईट होतं. भांडल्या असत्या तर क्रांतीनंही चार शब्द ऐकवले असते आणि संध्याकाळी दोघी मिळून शेंगा फोडत बसल्या असत्या. मुकाट्यानं मीठ सोडलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं!

दोन दिवसांनी क्रांती इंजिनाच्या खोलीत आली. नेहमीसारखी उपड्या डब्यावर बसली, पण नेहमीसारखं "मामा, हे काय करताय?" असं तिनं विचारलं नाही.

"मामा, आमी सांगलीत इश्रामबागला फ्लॅट बघितलाय. दसऱ्याला जाऊ म्हणतोय. माझ्यापायी आत्तींनी अन्न सोडायचं, हे मला न्हाई बघवत. मशीन सोडलं तर काम जातं. मग मशीन घिऊन मीच जाते."

अण्णांच्या हातातली कानस तशीच राहिली. ही पोरगी या घरात आल्यापासून त्यांना पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या कामाबद्दल विचारणारं भेटलं होतं. अतिशयला यंत्रांचा आधीपासून कंटाळा. काकूंना वर्कशॉप म्हणजे तेलकट कपडे. ही मात्र मापपट्टीचं दुसरं टोक धरायची आणि अगदी नेमका प्रश्न विचारायची. अण्णांचा तिच्यावर जीव होता. पोटच्या पोरापेक्षा थोडा जास्तच होता, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. ती गेली तर या मळ्यात दोन म्हातारी माणसं आणि एक व्हाइस उरणार होता.

"दसऱ्यापतोर वेळ हाय न्हवं?" ते म्हणाले. "मग थांब. ही तुझी चूक न्हाई आन तिची बी न्हाई. पुढचा पत्रा चुकलाय. मी बघतो."

बाजारची जाळी क्रांतीनं आधीच लावून बघितली होती. तिच्या भोकांतून चिलटं आरामात जात होती. अण्णांनी काकूंच्या डब्यातून चिमूटभर खसखस घेतली, सांगलीला गेले आणि दुकानात जाळीच्या गुंडाळ्या पसरून त्यांवर खसखस टाकत बसले. दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं. ज्या स्टीलच्या जाळीतून एकही दाणा पडला नाही, ती घेऊन अण्णा घरी आले. तिचे तीन गोल तुकडे कापले, पट्टीच्या कड्या करून त्यात बसवले आणि पंख्यांच्या तोंडावर असे गच्च आवळले की कारखान्याच्या चीफ इंजिनीअरनंही पाठ थोपटली असती.

तासाभरात कॉम्प्युटर तापून बंद पडला. क्रांतीची निम्मी झालेली नऊ मजली इमारत त्याच्याबरोबर गेली. हवा पुरेना म्हणून मग तिनं पंख्यांचा वेग वाढवला. घरघर वाढली, कॉम्प्युटर चालू राहिला, आत एकही जीव गेला नाही. अण्णा खूश झाले. त्यांनी काकूंना मुद्दाम बोलावून आणलं.

दिवेलागणीची वेळ होती. जाळीवर पाचसहा चिलटं आणि एक नाजूक हिरवी पाकोळी चिकटून बसली होती. काकूंनी मऊ फडक्याचं टोक पाकोळीखाली सरकवलं आणि हलक्या हातानं तिला सोडवायला गेल्या. पंख्याची ओढ एवढी होती की पाकोळी सुटली, पण एक पंख जाळीलाच राहिला. काकू फडक्याकडं बघत राहिल्या.

"आत न्हाई मेलं, भायेर मेलं. एवढाच फरक झाला," त्या म्हणाल्या. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी साखर आणि गूळ सोडला. बत्तीस वर्षं साखरेवर जगलेलं हे घर, आणि घरधनीण बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहाचा काढा पिऊ लागली. अण्णांना कधी नव्हे ती स्वतःची लाज वाटली. बत्तीस वर्षांत त्यांचं काम कुणी परत पाठवलं नव्हतं. ते दोन दिवस वर्कशॉपकडं फिरकले नाहीत. क्रांतीनं खोकी आणून सोप्यात रचायला सुरुवात केली होती, आणि येताजाता त्यांना ती ओलांडावी लागत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीच्या कट्ट्यावर उगाच बसले होते. काकूंचं मनगट दुखत होतं म्हणून पाणी गाळायचं काम क्रांतीकडं आलं होतं. या घरात न गाळलेलं पाणी चुलीपर्यंत जात नाही. दुहेरी कापड हंड्यावर पसरायचं, तेही हंड्याच्या तोंडाच्या तिप्पट मोठं, आणि वरून पाणी ओतायचं. क्रांतीला कामाची घाई होती. तिनं कळशी सरळ उपडी केली.

"हळू गं," काकू म्हणाल्या. "धो धो वतलंस की जीव कापडाला दाबला जातो. मग गाळून काय उपेग? कापड सैल धर, मोठं धर. पाणी सगळ्या कापडातनं सावकाश गेलं पायजे. आन शेवटी कापड उलटं धरून धुवायचं आन ते पाणी हिरीत सोडायचं. गाळायचं म्हंजी अडवायचं न्हाई नुसतं. ज्याला अडवला, त्याला जिता माघारी धाडायचा."

अण्णांनी हे गाळणं जन्मल्यापासून रोज पाहिलं होतं. आईनं गाळलेलं प्याले, बायकोनं गाळलेलं प्याले. घंटेच्या कडीची झीज मापणाऱ्या या माणसानं आपल्या घरातल्या कापडाकडं मात्र सहासष्ट वर्षांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पंख्यांना जाळी लावताना त्यांनी काय केलं होतं? हंड्याच्या तोंडाएवढंच कापड घेतलं होतं, ते गच्च ताणलं होतं आणि वरून कळशी उपडी केली होती.

"क्रांती!" ते कट्ट्यावरूनच ओरडले. "तुज्या त्या पंख्यांच्या तोंडाचं माप दे. तिन्ही मिळून किती जागा हुती, सांग!"

"मामा, पाणी गाळतीय."

"मग गाळ, पर हळू गाळ. तुझी सासू म्हणतीय तसं." आणि ते निम्मे धावतच वर्कशॉपात गेले.

त्या दिवसापासून इंजिनाच्या खोलीतून रोज ठोकाठोक ऐकू येऊ लागली. अण्णांनी आधी पुठ्ठ्याचा नमुना केला. कॉम्प्युटरच्या पुढं वीतभर बाहेर आलेली एक पेटी, पुढून, वरून आणि दोन्ही बाजूंनी नुसती जाळी. पंख्यांच्या तोंडाच्या सहापट जागा. जाळी पंख्यापासून लांब, म्हणजे हवा सगळीकडून थोडी थोडी येणार, कुठंच ओढ नाही. सांगाड्यासाठी त्यांनी दोन मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा घेतला. पहिलाच कोपरा वळवताना पत्रा तडकला. मग त्यांनी जुनी युक्ती काढली. वळवायच्या रेषेवर अंगाचा साबण चोळला आणि खालून ज्योत फिरवली. साबण काळा पडला की ज्योत बाजूला. तेवढ्या तापानं पत्रा नरम येतो, त्याच्या पुढं गेलात तर वितळून हातात येतो. क्रांती दुपारच्या सुट्टीत येऊन उपड्या डब्यावर बसू लागली. साबण काळा झाला की "मामा, बस!" म्हणून ओरडायचं काम तिच्याकडं होतं, कारण अण्णांची नजर आता पहिल्यासारखी नव्हती आणि हे ते दुसऱ्या कुणाजवळ कबूल करत नव्हते.

कडा कानशीनं इतक्या घासल्या की गालावरून फिरवल्या तरी लागू नयेत. प्रत्येक जोडाला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी दिली. चार कोपऱ्यांत आटे पाडून चार स्क्रू घातले. पेटी बसवल्यावर क्रांती लांब उभी राहून बघत म्हणाली, "मामा, कॉम्प्युटरला पोट सुटलं."

"मला बी सुटलंय. काय बिघडलं?" अण्णा म्हणाले.

त्यांनी उदबत्ती पेटवून जाळीजवळ धरली. आधीच्या जाळीत धूर रेघ मारल्यासारखा आत जायचा. आता तो जाळीपाशी रेंगाळला आणि मग गेला तर गेला असा आत सरकला. पंखे हळू चालत होते, कॉम्प्युटर तापत नव्हता. संध्याकाळी जाळीवर एक भुंगेरा येऊन बसला, इकडं-तिकडं चालला, कंटाळला आणि उडून गेला. काकू दारातून बघत होत्या. जेवताना त्यांच्या आमटीत मीठ नव्हतंच.

"आठ दिवस बघू," एवढंच त्या भांडी आवरताना म्हणाल्या.

दसऱ्याला नऊ दिवस उरले होते. खोकी सोप्यातच होती, भरलेली नाहीत आणि हलवलेलीही नाहीत. रोज सकाळी अण्णा कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा काढून आत बॅटरी मारायचे. पहिला दिवस स्वच्छ. दुसरा, तिसरा स्वच्छ. सातव्या दिवशी अण्णांनी देवळात जाताना शीळ घातली.

आठव्या दिवशी सकाळी बॅटरीच्या उजेडात, तळाच्या पत्र्यावर, एक पाकोळी पडली होती. करंगळीच्या नखाएवढी, पंख मिटलेली.

अण्णांनी ती तळहातावर घेतली. कुठून आली ते त्यांना लगेच समजलं. पंखे बंद असताना मागच्या भोकांतून शिरली असणार, आणि मागं जाळी लावायचं डोक्यात आलंच नव्हतं. काकू आत चुलीपाशी होत्या. त्यांना दिसलं नव्हतं. मूठ मिटायची आणि बाहेर जायचं, एवढंच करायचं होतं. आठ दिवस पूर्ण झाले असते, आमटीत मीठ पडलं असतं, खोकी माळ्यावर गेली असती. अण्णांनी आयुष्यात खोटं माप कधी दिलं नव्हतं. त्यांनी मूठ मिटली.

वर बघतात तर दारात क्रांती उभी. तिनं सगळं पाहिलं होतं.

अण्णांनी डोळ्यांनीच तिला विनवलं. असं विनवणं त्यांना जमत नसे, त्यामुळं ते फारच केविलवाणं दिसलं. क्रांती जवळ आली, तिनं त्यांची बोटं एक एक करून उघडली, पाकोळी आपल्या हातावर घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. अण्णा भिंतीला टेकून उभे राहिले. आत जायची त्यांची हिंमत झाली नाही. सगळं मोडलं असं त्यांना वाटलं.

"आत्ती, आज एक निघाली," आतून क्रांतीचा आवाज आला.

चुलीतलं लाकूड मागं ओढल्याचा आवाज आला.

"बरं," काकू म्हणाल्या. "दही ऱ्हायलंय अजून. आजपासनं..."

"तुमी न्हाई," क्रांती म्हणाली. "मशीन माझं हाय. तुमी म्हणता घर तुमचं. मग मी काय भाडेकरू हाय का? आज माझी पाळी. आज मी मीठ सोडते."

"अगं, तुला न्हाई झेपायचं. तुला दुपारी चक्कर येती."

"आन तुमाला येत न्हाई? परवा भिताड धरून उभ्या हुतासा, मी बघितलं न्हाई व्हय?"

मग काकूंचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता. "नियम झेपंल तेवढाच घ्याचा असतो, क्रांती. एका दिसाचा घे. उद्या सोड."

"घेते. पर मग तुमी बी झेपंल तेवढाच घ्याचा. मी एक दीस, तुमी एक दीस. आज दोघींचं मीठ बंद, आन उद्या सकाळी दोघींच्या च्यात दूध आन साखर. कबूल असंल तर सांगा. नसंल तर मी बी तुमच्यासारखंच सगळं सोडते, मग बघा."

"लय हट्टी हाईस गं तू," काकू म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. दोन महिन्यांचं होतं, जरा वेळ चाललं. क्रांतीही रडत होती. पाकोळीला दोघींनी मिळून बाहेर तुळशीच्या मातीत ठेवलं.

अण्णा डोळे पुसून आत गेले. "पाठीमागची जाळी मी इसरलो. चूक फिटरची हाय. माझं बी आज मीठ बंद."

"तुमी गप बसा," काकू म्हणाल्या. "तुमाला बिगरमिठाचं गिळत न्हाई, मला ठावं हाय." पण त्यांनी त्या दिवशी लहान पातेलं चुलीवर ठेवलंच नाही. मोठ्या पातेल्यातच सगळ्यांची आमटी केली.

दुपारी क्रांती वर्कशॉपात आली. "मामा, पुढची पेटी धुवायची तर दर आठवड्याला चार स्क्रू काढायचे व्हय? वर्षभर कोण काढत बसंल? बिजागरी लावा तिला."

अण्णांनी मान वर केली नाही. वर्षभर, असं ती म्हणाली होती. त्यांनी डब्यातून दोन पितळी बिजागऱ्या शोधल्या आणि उगाचच बराच वेळ पुसत बसले.

संध्याकाळी ऊन असतानाच अतिशय कामावरून आला. सोप्यातली खोकी कुठं गेली हे विचारायचं त्याला सुचलं नाही, सरळ पाटावर बसला. त्यानं भाकरी कुस्करली, आमटी ओतली, पहिला घास घेतला आणि चमकून वर पाहिलं.

"आई, आमटीत मीठ न्हाई."

काकू खाली मान घालून जेवत होत्या. क्रांती जेवत होती. अण्णांनी मोठ्या कष्टानं एक घास गिळला आणि दुसरा घेतला.

"गप जेव," तिघंही एकदम म्हणाले.